तिसरी माळ

"आई, दोन बेटांमधलं अंतर फार आहे गं, यायला जमत नाही," असं लेक सहा वर्षं फोनवर सांगत होता. वडील अंथरुणाला खिळले तेव्हाही त्याने तेच सांगितलं. ते गेल्यावर एकटी पडलेली आई स्वतःच निघाली, आयुष्यात पहिल्यांदा विमानाने. घराची किल्ली घेताना शेजारीण हसली, "अहो, दोन दिवसांची शिदोरी? चंद्रावर निघालात की काय?"

नऊ खुर्च्यांचं ते विमान उडालं. खाली नुसतं पाणी. पोचेपर्यंत अकरा माळा जपायच्या, असं मनाशी ठरवून तिने डोळे गच्च मिटले. तिसरी माळ पुरी व्हायच्या आत चाकं धाडकन जमिनीला टेकली.

"काही बिघडलं का हो?" तिने घाबरून वैमानिकाला विचारलं.

"नाही आजी, पोचलो. अठराच मिनिटं लागतात."

पायऱ्या उतरताना तिने न उघडलेली शिदोरी पदराआड धरली. समोर लेक उभा होता, नजर चुकवत.



"खरंच फार लांब आहे रे," तो काही बोलायच्या आत ती म्हणाली.