वाडग्याची राखण

मेंढरं विकून धुळा सोलापुरात लेकीकडं राहायला आला आणि बसून बसून त्याची साखर वाढली. लेकीनं, दिपालीनं, त्याच्या मनगटाला पावलं मोजणारा पट्टा बांधला आणि मोबाइलवर एक खेळ घालून दिला. हजार पावलं चाललं की पडद्यावरच्या वाडग्यात, काटेरी कुंपणाच्या आत, एक मेंढरू यायचं. एक दिवस जरी चुकला, तर सगळी पळून जायची.

धुळा नेमानं चालायचा. दिवेलागणीला मेंढरं मोजल्याशिवाय जेवायचा नाही.

एक दिवस ताप भरला आणि तो अंथरुणातून उठलाच नाही. सांजेला त्यानं मोबाइल उघडला. दोनदा मोजलं. एकही मेंढरू कमी नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग वाडग्याच्या तोंडाशी बसलेलं कुत्रं दिसलं. काळंभोर, डावा कान फाटलेला.

"दिपे, ह्या खेळात कुत्रं बी असतंय व्हय गं?"

"न्हाय की आबा. नुसती मेंढरंच हायती."

लांडग्यानं कान फाडलेल्या काळ्याला धुळानं तीन वर्षांमागं आपल्या हातानं माळावर पुरलं होतं.

"मग मिटली काळजी," तो पुटपुटला, आणि जुन्या सवयीनं त्यानं हळूच शीळ घातली.

पडद्यावर काळ्यानं फाटका कान टवकारला.