लाल शेरा

"बाई, सगळ्यांनी एकाच फाइलमध्ये लिहायचं. कोण काय लिहितंय ते तुम्हाला इथं बसून दिसेल," असं सांगून संगणकाच्या सरांनी शाळेच्या वार्षिक अंकाची फाइल उघडून दिली. कोंडविलकरबाई हरखल्या. मुलं वर्गात लिहीत होती आणि बाई शिक्षकखोलीतून लाल रंगात शेरे देत होत्या.

तेवढ्यात पहिल्याच पानावर, नाव न टाकता, कुणीतरी लिहू लागलं: 'माझ्या दूरदृष्टीमुळेच ही शाळा उभी आहे. माझ्यासारखा माणूस लाभणं हे गावाचं भाग्य.'

नववीतलंच कुणी कारटं असणार! बाईंनी खाली शेरा ठोकला: 'आगाऊपणा पुरे. उद्या पालकांना घेऊन ये.'

"अहो, ते संस्थेचे अध्यक्ष! घरून मनोगत लिहीत होते," मुख्याध्यापकांनी कपाळावर हात मारला. बाईंच्या निवृत्तीला वर्ष उरलेलं.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी गाडी थांबली. बाईंच्याच हाताखालून गेलेले अध्यक्ष मान खाली घालून उतरले आणि त्यांनी मागचं दार उघडून आईला हात दिला.

काठी टेकत म्हातारी बाईंसमोर आली.

"ह्यानं आता आणखी काय केलं, बाई?"