तिसरा ठोकळा

"सकाळी काय गिळलं ते आठवत नाही, त्याची कसली परीक्षा घेताय मॅडम?" मुलाच्या पाठीमागे बसलेला बाप कुरकुरला. जिन्यावरून पडून डोक्याला मार लागल्यापासून मुलगा दोन वर्षं कुणाशी बोलत नाही, असं शेजारी बसलेल्या आईने दवाखान्याच्या फॉर्मवर लिहिलं होतं. मी टेबलावरच्या नऊ लाकडी ठोकळ्यांपैकी पाचांवर बोट टेकवलं. त्याच क्रमाने मुलाने टेकवायचं. पहिले दोन जमले, बाप खाकरला आणि मुलाचं बोट तिसऱ्यापाशी थिजलं. "ठोंब्या!" बापाने तोच ठोकळा उचलून त्याच्या कपाळात हाणला. दारातल्या शिपायाने बापाला फरफटत बाहेर नेलं. मी जखमेवर कापूस दाबला, तर त्याचं रक्ताळलेलं बोट पुन्हा टेबलावर फिरू लागलं. पाचही जागा बिनचूक. तिसरी तर ठोकळ्याविनाच. आईने माझ्यासमोरचा फॉर्म टराटरा फाडला. "आमच्या घराला जिनाच नाही, मॅडम. ह्यांनीच त्याचं डोकं भिंतीवर आपटलं."