पाचच मिळतील

त्र्याऐंशी साली घाटकोपरच्या ग्रिलच्या कारखान्यात धाकूचं बोट मशीनमध्ये गेलं, तेव्हा शेठ म्हणाले, "हा माझा कामगार नव्हेच, ठेकेदार आहे." भरपाईच्या दाव्यात सरकारी कचेरीत साहेबांपुढे त्यांनी तसा धाकूच्या सहीचा कागदच ठेवला. न वाचता केलेली सही बघून धाकूची मान खाली गेली. बायकोने मात्र पिशवीतून गणपतीच्या रजेचे नऊ अर्ज काढले. दरसाल धाकू गावी जायला दहा दिवस मागायचा आणि दरसाल शेठ तांबड्या शाईने 'पाचच मिळतील' लिहून सहीनिशी अर्ज परत द्यायचे. त्या रागापायीच धाकूने ते जपले होते. "ठेकेदाराच्या रजेवर मालक सही कशाला करेल हो?" साहेबांनी विचारलं. भरपाई मिळाली, धाकू पुन्हा कामावर गेला. भाद्रपदात दहाव्या अर्जावर दहाच्या दहा दिवस मंजूर झाले. धाकू बायकोला म्हणाला, "ह्यो पण जपून ठेव गो."