एकटीची शपथ

‘गांभीर्यपूर्वक’ या शब्दाशी सिस्टर अडली.

‘गां’ बाहेर आला आणि पुढचं सगळं घशातच राहिलं. सभागृह भरलेलं होतं. मोठ्या निवडणुकीनंतर सगळे एकामागोमाग एक शपथ घेतात, तेव्हा कोण काय पुटपुटलं याकडे कुणाचं लक्ष नसतं. पण ही पोटनिवडणुकीतून आलेली. नवी सदस्य एकटीच. माइकसमोर ती, आणि बाकी सगळे तिच्याकडे बघत बसलेले.

वर प्रेक्षकांच्या गॅलरीत तिची आई होती. तो शब्द आईच्या जिभेवर तयार होता. लेकीचा प्रत्येक अडलेला शब्द लहानपणापासून तिनेच पुरा केला होता. दुकानात, शाळेत, फोनवर. लेक सरकारी दवाखान्यात नर्स झाली, सगळे तिला सिस्टर म्हणायला लागले, तरी आईची सवय काही गेली नाही.

जुने आमदार वरिष्ठ सभागृहात गेले आणि त्यांची जागा रिकामी झाली. दवाखान्यात ऑपरेशनची खोली बांधून तयार होती. फीत कापल्या दिवसापासून तिला कुलूप होतं. अडलेल्या बाळंतिणीला घेऊन डोंगरापलीकडच्या शहरात पळावं लागे. एक बाई वाटेतच गेली. सिस्टर गाडीत तिचा हात धरून बसली होती. त्यानंतर तिने उमेदवारीचा अर्ज भरला.

“अगं, लोक टिंगल करतील तुझी,” आई म्हणाली.

“क... करू देत.”

टिंगल झालीच. वाचनालयाने सगळ्या उमेदवारांना एका मंचावर बोलावलं होतं. समोरचा उमेदवार बोलण्यात पटाईत. तो म्हणाला, “या बाईंचं सभागृहात नुसतं ‘हजर’ म्हणून होईपर्यंत अधिवेशन संपायचं!” लोक खदखदून हसले. सिस्टरही हसली. विनोद चांगलाच जमला होता. मग तिची पाळी आली.

“ख... खरं आहे,” ती म्हणाली. “वेळ ल... लागेल. पण मी हजर असेन.”

आता कुणी हसलं नाही. जुन्या आमदारांची खुर्ची ते आमदार असतानाही रिकामीच असायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रचाराला ती दारोदार फिरली. ती कमी बोलायची, म्हणून लोकच जास्त बोलायचे. आई बरोबर असायची आणि शब्द अडला की पटकन पुरवायची. एका गॅरेजवाल्याने हात पुसत विचारलं, “मावशी, उभ्या तुम्ही आहात की ह्या?” आई ओशाळली. पण पुढच्या दारात पुन्हा तेच. जिभेला वळणच तसं पडलं होतं.

सिस्टर निवडून आली. कशीबशी नव्हे, दणकून.

आणि आता ही शपथ.

“गां... गां...”

मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं. अध्यक्ष भला माणूस. ते हळूच म्हणाले, “सदस्य महोदया, सचिव वाचून दाखवतील. आपण फक्त सही केलीत तरी चालेल.”

सिस्टरने मान हलवली. “न... नको. लोकांनी मला बो... बोलायला पाठवलंय.”

तिने श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडली. पहिल्या रांगेतल्या एका बुजुर्गांना राहवलं नाही. “गांभीर्यपूर्वक,” त्यांनी पुरवलं. पुढचा शब्द दुसऱ्याने दिला. त्यापुढचा तिसऱ्याने. कुणाच्या मनात वाकडं नव्हतं, सगळे मदतच करत होते. पण बघता बघता शपथ तिची राहिली नाही. अख्खं सभागृह ती घेऊ लागलं आणि सिस्टरचे नुसते ओठ हलत राहिले.

आईने हे वरून पाहिलं. लेक उभी, ओठ हलताहेत, आणि आवाज भलत्याचाच. म्हणजे इतकी वर्षं हे असं दिसत होतं तर. तिला गलबलून आलं. आणि मग भयंकर राग आला.

ती ताडकन उठली.

“गप्प बसा सगळे!” ती गरजली. “तिचं तिला बोलू द्या!”

 गॅलरीत तोंडातून अक्षर काढायला बंदी होती. सुरक्षारक्षक धावत आला. “चला बाई, बाहेर चला.” आई मुकाट्याने निघाली. जाता जाता तिने खाली पाहिलं. लेक मान वर करून तिच्याकडेच बघत होती, आणि चक्क हसत होती.

बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीवर स्पीकर होता. त्यातून सिस्टरचा आवाज येऊ लागला. थांबत, अडखळत, पडलेला शब्द पुन्हा उचलत. मध्ये कुणी बोललं नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. रक्षकाला आईला जिन्यापर्यंत सोडायचं होतं, पण तोही स्पीकरखाली थबकला. आईने दात ओठांत रोवले होते. अडला शब्द सुटला की तिचा श्वास सुटत होता, आणि दर शब्दागणिक ती थोडी थोडी ताठ होत होती. शपथेचा शेवटचा शब्द खणखणीत आला. आत बाकं वाजू लागली ती थांबेचनात.

रक्षकाला आपलं काम आठवलं. त्याने घसा साफ केला.

“नियम आहे, विचारावं लागतं,” तो म्हणाला. “त्या आतल्या बाई कोण लागतात तुमच्या?”

आईने डोळे पुसले.

“त्या?” ती म्हणाली. “त्या आमच्या आमदार.”