कणकेचा गोळा

“नऊ इंची रिमवर दोनशे पंचावन्न मिलिमीटर रुंदीचा टायर आरामात बसतो, चाचा,” मी लॅपटॉप पुढे केला. रविवारच्या रेससाठी मला रुंद चाकं हवी होती आणि त्याचं गणित मी आठवडाभर मांडत होते.

टायरवाल्या नूरचाचांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. घरून कणकेचा गोळा मागवला, पुढच्या दोन्ही मडगार्डांच्या आत थापला आणि तसली रुंद चाकं चढवली. मग गाडीच्या नाकावर सगळं वजन टाकून म्हणाले, “स्टिअरिंग पूर्ण फिरव.”

चाकं उतरवली. उजवीकडची कणीक बोटभर जाड होती. डावीकडची पापडासारखी चपटली होती.

चाचांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. “ही डावीकडून ठोकलीय, बेटी. पत्रा आत आलाय.”

भिंतीला घासलेली गाडी मी गुपचूप रंगवून घेतली होती. घरीसुद्धा कुणाला माहीत नव्हतं.

कणकेवर टायरची नक्षी स्पष्ट उमटली होती. रविवारी, ताशी एकशेऐंशीच्या वेगात, तिथे कणीक नसती; पत्र्याची धार असती.

मी लॅपटॉप मिटला. “मग कुठला टायर घालू?”

“आधी पत्रा सरळ कर. मग पुन्हा कणीक मळू.”