रिकामं म्यान

येमेनच्या डोंगरातल्या आमच्या गावात बायकांचा साक्षरता वर्ग भरायचा. राजधानी सनाहून आलेल्या नव्या बाईंनी फळ्यावर 'हतबल' हा शब्द लिहिला.

"वाक्यात उपयोग करा."

नजीबाखाला उठल्या. "माझ्या नवऱ्याच्या कमरेला रिकामं म्यान आहे."

"खाला, यात शब्द कुठे आला?"

आम्हा बाकीच्यांना ठाऊक होतं. खालांनी बाईंना सांगितलं.

"आमच्या पोराचा खून झाला तेव्हा यांनी कमरेचा खंजीर टोळीच्या शेखसाहेबांपुढे ठेवला, बाई. एकदा ठेवला की ते देतील तो निकाल मान्य. त्यांनी खुन्याला माफी दिली. खंजीर परत आणायला हे गेलेच नाहीत."

"आणि तो खुनी?"

"रोज आमच्या दारावरून जातो. यांना सलाम करतो." खालांनी ओढणीने पाटी पुसली. "हे उत्तर देतात."